सील पॉइंट आणि सतेज सावळी

मांजराला रंग असतो, हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. पण त्या रंगाला नाव असतं, त्या नावाचं सर्टिफिकेट असतं, आणि त्या सर्टिफिकेटाबाहेरचे चार केस अंगावर उगवले तर घरात सुतक पडल्यासारखी शांतता पसरते, हे कळायला मला ७५ वर्षं जगावं लागलं आणि वर विमानाचं तिकीट काढून विलायतेला जावं लागलं.

आमच्या सदाशिव पेठेतल्या वाड्यात मांजरं पुष्कळ. ती कुणी पाळलेली नव्हती. त्यांनीच आम्हा आठ बिऱ्हाडांना पाळलं होतं. रंग म्हणाल तर पांढरं, काळं, बांडं आणि पट्ट्यापट्ट्यांचं. एवढ्यावर सगळ्यांचं भागत असे. नावाचाही प्रश्न नव्हता. मांजर असेल तर मनी, बोका असेल तर बोका. एखाद्या बोक्याचा उपद्रव फारच वाढला, तर माझे काका त्याला पोत्यात घालून लकडी पुलापलीकडे सोडून येत. येताना काका पान खायला थांबत. बोका थांबत नसे. त्यामुळे काका घरी पोचायचे तेव्हा तो ओट्यावर बसून मिशा पुसत असे.

अशा संस्कारांत वाढलेल्या माणसाला मुलीचा इंग्लंडहून फोन येतो, "बाबा, आम्ही मांजर विकत घेतलं," तेव्हा त्याला प्रथम आपल्या कानाची शंका येते. पौंडातली किंमत ऐकल्यावर दुसरी शंका जावयांच्या डोक्याची येते. सवयीनं मी त्या आकड्याचे रुपये केले आणि मला पाणी प्यावं लागलं. मी म्हटलं, "अगं, जरा दार उघडं ठेवलं असतंस तर आपोआप आलं असतं."

नोव्हेंबरात आम्ही दोघं मुलीकडे गेलो. दारातच त्या बाईसाहेब उभ्या होत्या. अंग साईसारखं, डोळे निळेभोर; पण तोंड, दोन्ही कान, चारही पाय आणि शेपूट गडद तपकिरी, जवळजवळ काळं. आवाज मात्र दारावर येणाऱ्या भंगारवाल्याचा. हिनं त्या मांजराकडे एकदा नीट पाहिलं आणि विलायतेच्या भूमीवरचं आपलं पहिलं वाक्य उच्चारलं.

"अगं, ही चुलीत तोंड घालून आलीय का? पुसून तरी घ्यायचं!"

"आई, ती सयामी आहे. सील पॉइंट," मुलगी म्हणाली.

मी ३४ वर्षं सरकारी कचेरीत काढलेली असल्यामुळे सील म्हटल्यावर मला लाखेचं सील आठवलं. मग जावयांनी खुलासा केला, की सील म्हणजे समुद्रातला प्राणी, आणि त्याच्या कातडीसारखा हा रंग. पॉइंट म्हणजे शरीराची टोकं: तोंड, कान, पाय, शेपूट. त्यांनी मांजराची फाइल काढून दाखवली. फाइल! माझ्या नोकरीतली सर्व्हिस बुकं याहून पातळ असत. तीत आईबाप, आजीआजोबा, पणजोबा आणि प्रत्येकाच्या नावापुढे त्याचा रंग. पणजोबांचं नाव तर सरदार घराण्यातल्या किताबांइतकं लांब होतं. आमच्या घराण्यात पणजोबांचं नाव विचारलं तर दोन चुलतभाऊ दोन नावं सांगतात.

रंगांच्या नावांनी मात्र मी चक्रावलो. सयामी मांजरांचे जुने, घरंदाज रंग चार. सील, ब्लू, चॉकलेट आणि लायलॅक. त्यातला ब्लू म्हणजे निळा नव्हे, चक्क राखाडी. लायलॅक म्हणजे गुलाबीची झाक असलेला फिका राखाडी. सील जरा पातळ केला की ब्लू होतो, चॉकलेट पातळ केला की लायलॅक. याशिवाय पुढे आलेली मंडळी म्हणजे रेड, क्रीम, पट्ट्यांचे टॅबी आणि ठिगळाठिगळांचे टॉर्टी. यातला रेड म्हणजे तांबडा नव्हेच, आपला नारिंगी. विलायतेत या सगळ्यांना सयामी म्हणतात. पण अमेरिकेतली कॅट फॅन्सियर्स असोसिएशन नावाची १९०६ सालची मोठी संस्था फक्त पहिल्या चौघांनाच सयामी मानते. बाकीच्यांना तिनं 'कलरपॉइंट शॉर्टहेअर' नावाची वेगळी पंगत मांडून दिली आहे. म्हणजे अटलांटिक ओलांडला की मांजराची जात बदलते. आपल्याकडे पूर्वी समुद्र ओलांडला की माणसाची जात जायची, तेव्हा या बाबतीत आपण अगदीच मागासलेले नव्हतो.

राखाडीला निळा म्हणणं हे मला आधी हास्यास्पद वाटलं. पण रात्री अंथरुणात पडल्या पडल्या आठवलं, की आपण काय कमी आहोत? वधू-वर मंडळाच्या वहीत आपण काय काय लिहितो? गोरी, निमगोरी, गव्हाळ, उजळ सावळी, सतेज सावळी. 'काळी' हा शब्द त्या वहीत मी कधी पाहिला नाही. सावळी लिहायचं झालं तरी मागे 'सतेज'ची काठी लावल्याशिवाय ती उभी राहत नसे. माझ्या धाकट्या बहिणीच्या वेळी मी स्वतः तिच्या नावापुढे 'निमगोरी' लिहिलं होतं आणि स्थळं ती पाहून गेल्यावर पत्रं 'पत्रिका जुळत नाही' अशी यायची. मांजरवाल्यांनी निदान रंगाला फळाफुलांची आणि चॉकलेटची नावं तरी दिली.

हे प्रकरण मुळात आलं सयामातून, म्हणजे आताच्या थायलंडमधून. तिथल्या जुन्या पोथ्यांत शुभलक्षणी मांजरांची चित्रं आणि वर्णनं आहेत, त्यांत हे गडद टोकांचं मांजर आहे. विलायतेतलं पहिलं मोठं मांजरांचं प्रदर्शन १८७१ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये भरलं, तेव्हा तिथे सयामी मांजरंही होती. पण ती बघून सगळेच खूश झाले असं नाही. काहींना ते ध्यान भयाणच वाटलं. पुढे १८८४ मध्ये बँकॉकच्या ब्रिटिश वकिलातीतल्या गूल्ड नावाच्या अधिकाऱ्यानं आपल्या बहिणीसाठी फो आणि मिया ही जोडी पाठवली, आणि १९०१ साली तर सयामी मांजरांचा स्वतंत्र क्लबच निघाला. तीस वर्षांत भयाणचं देखणं झालं. मांजर तेच होतं. बघणाऱ्यांचे डोळे निवळले.

आम्ही गेल्यावर आठवड्याभरानं मांजराचं पिल्लं न होण्याचं ऑपरेशन ठरलं होतं. हिनं एव्हाना त्या सरदारकन्येचं नाव 'मनी' करून टाकलं होतं. ऑपरेशन झालं, मनी घरी आली, आणि तिच्या डाव्या कुशीवर पोस्टकार्डाएवढा चौकोन भादरलेला होता. विलायतेत पुष्कळ ठिकाणी कुशीतूनच हे ऑपरेशन करतात. टाके निघाले. महिन्याभरात केस यायला लागले, आणि बघतो तो काय, चौकोनातले केस गडद तपकिरी! साईच्या पातेल्यात कुणी चहाची भुकटी सांडावी तसे.

मुलगी मटकन खाली बसली. कारण फेब्रुवारीत गावात मांजरांचं प्रदर्शन होतं आणि मनीचं नाव घातलं होतं. दुसऱ्या दिवशी ती मनीला घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेली. मीही सोबत गेलो. त्या शांतपणे म्हणाल्या, असं होऊ शकतं हे मी तुम्हाला आधी सांगितलं होतं आणि कागदावर तुमची सहीसुद्धा आहे. मुलीनं कागद न वाचता सही केली होती. रक्तच आमचं.

मग बाईंनी समजावून सांगितलं. शरीरात रंग तयार करायला टायरोसिनेज नावाचं एक एन्झाइम लागतं. सयामी मांजरात त्या एन्झाइमच्या जीनमध्ये एक बारीकसा बदल आहे. नेमका कुठला, ते २००५ साली सापडलं. या बदलामुळे ते एन्झाइम उबेत काम करत नाही, गारव्यात करतं. मांजराचं अंग ३८-३९ सेल्सियस, म्हणजे आपल्यापेक्षा गरम. तिथे काम बंद, म्हणून अंग फिकं. कान, शेपूट, पाय ही टोकं जरा गार. तिथे काम चालू, म्हणून गडद. आईच्या पोटात सगळीकडेच ऊब, त्यामुळे सयामी पिल्लं जन्मतात ती पांढरीधोप आणि मग हळूहळू त्यांची टोकं रंगत जातात. वय वाढलं की अंगही सावळत जातं. आणि भादरलेल्या जागेवर केसांची दुलई नसल्यामुळे कातडी गारठते, म्हणून तिथे उगवणारे केस गडद येतात. १९३० सालीच रशियातल्या दोघा संशोधकांनी हे प्रयोग करून दाखवलं होतं.

मला हे लगेच पटलं. आमच्या कचेरीतही उकाड्यात फाइल हलत नसे. फक्त एक आशा उगीच पालवली. माझ्या टकलावर विलायतेचं वारं थेट लागत होतं. सयामी न्यायानं तिथे काळेभोर केस यायला हरकत नव्हती. पण बाई म्हणाल्या, त्यासाठी आधी केस यावे लागतात.

घरी येऊन मी हे सगळं हिला सांगितलं. ती मेथी निवडत होती. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि विचारलं,

"म्हणजे मूळ मांजर काळंच?"

"हो. सील पॉइंट म्हणजे वंशानं काळंच मांजर."

"आणि जिथे गोरं दिसतं, तिथे?"

"तिथे एन्झाइम चालत नाही."

"म्हणजे गोरेपणा हा बिघाड आहे."

मी म्हटलं, "शास्त्राच्या भाषेत तसं म्हणता येईल." ती नुसतंच "हं" म्हणाली आणि मेथीची एक काडी जरा जोरात मोडली.

डॉक्टरीणबाईंनी आणखी एक गोष्ट सांगितली होती. केस येत असताना ती जागा उबदार ठेवली, तर पुढचे केस फिके येण्याचा संभव आहे. मुलीनं आईकडे आशेनं पाहिलं. हिच्या सुया विलायतेलाही बरोबर आल्या होत्या. त्याच रात्री दोन उलटे दोन सुलटे सुरू झाले आणि तिसऱ्या दिवशी मनीसाठी पोटाभोवती बसणारा, चार पायांना भोकं असलेला, गुलाबी लोकरीचा स्वेटर तयार झाला.

तो तिला घालायला चार माणसं लागली. मुलीनं पाय धरले, जावयांनी मान धरली, नातीनं समजूत घातली आणि मी बोट चावून घेतलं. स्वेटर चढल्यावर मनी एकदम आडवी पडली. विलायतेतली मांजरंही सत्याग्रह करतात, हे तेव्हा कळलं. पाच मिनिटांनी ती उठली, सोफ्याखाली गेली, आणि बाहेर आली ती स्वेटरावाचून. हिनं तो पुन्हा घट्ट केला. मनीनं पुन्हा काढला. तिसऱ्यांदा नात रडवेली होऊन म्हणाली, "आजी, तिला नकोय तो. कशाला घालायचा?"

"डाग झाकायला गं," मुलगी म्हणाली.

ही हातातला स्वेटर घेऊन तशीच बसून राहिली. मग म्हणाली, "मला बघायला आले ना, तेव्हा मे महिना होता. आमच्या साताऱ्यात उन्हानं फरश्या तापल्या होत्या. आणि काकूनं मला लांब बाह्यांचं पोलकं घालायला लावलं होतं. पंधरा दिवस आधीपासून साय आणि डाळीचं पीठ चालू होतं ते वेगळंच. घामानं नुसती निथळत होते. पोह्यांची बशी कुणापुढे धरली तेसुद्धा दिसत नव्हतं." ती हसत हसतच सांगत होती. पण सांगता सांगता तिनं सुया काढून घेतल्या आणि लोकरीचं टोक ओढलं. स्वेटर सरसर उसवत गेला.

वाचकहो, पोह्यांची ती बशी माझ्यापुढे धरली होती. साल १९७५. मला ते लांब बाह्यांचं पोलकं चांगलं आठवतं. मी मनात म्हटलं होतं, काय शालीन मुलगी आहे!

आणि आणखीही एक गोष्ट मला आठवत होती. ती मी पन्नास वर्षांत कुणाला सांगितली नव्हती. परतताना एस. टी. स्टँडवर मी आईला म्हणालो होतो, "मुलगी बरी आहे, पण रंगानं जरा उतरती आहे." त्यावर आई म्हणाली होती, "तू घरचा आरसा विकलास काय?" एवढं बोलून तिनं लग्न ठरवून टाकलं. मी त्यावर पहिल्या दिवाळीला काय केलं असेल? गोरं करणाऱ्या क्रीमची एक ट्यूब आणली. हिनं मुकाट्यानं घेतली आणि माझ्याच टाचांच्या भेगांना लावून संपवली. माझ्या टाचा अजूनही गोऱ्या झालेल्या नाहीत.

त्या रात्री सगळे झोपल्यावर मी म्हटलं, "एक सांगायचंय. तुला बघून गेल्यावर स्टँडवर मी आईला..."

"उतरती आहे म्हणालात. ठाऊक आहे."

मी उडालोच. "कुणी सांगितलं?"

"बाळू आला होता ना तुमची पिशवी उचलायला! मागेच उभा होता. त्यानं रात्री सगळं सांगितलं."

बाळू म्हणजे माझा मेव्हणा. तेव्हा नऊ वर्षांचा होता. मी त्याला चार आणे दिले होते.

"आणि तरी तू हो म्हणालीस?"

"सासूबाईंनी काय उत्तर दिलं, तेही सांगितलं की त्यानं. मी म्हटलं, बाई बरी दिसते. हिच्याबरोबर दिवस निघतील." आणि तिनं कुशी बदलली.

पन्नास वर्षं मी समजत होतो की मी हिला पसंत केलं. प्रत्यक्षात हिनं आईला पसंत केलं होतं. मी म्हणजे हुंड्यातली शिलाई मशीन.

फेब्रुवारीत प्रदर्शन झालं. विलायतेत यावर देखरेख करणारी मोठी संस्था १९१० पासून आहे, त्यामुळे सगळं नियमात. एका मोठ्या हॉलमध्ये पिंजऱ्यांच्या रांगा. आत शिरतानाच पशुवैद्यानं प्रत्येक मांजर तपासलं. पिंजऱ्यात अंथरूण पांढरं, भांडी पांढरी, शीची थाळीसुद्धा पांढरी. हेतू हा, की मालक कोण, गरीब की श्रीमंत, ते परीक्षकाला कळू नये. आणि परीक्षणाच्या वेळी मालकांनी हॉलबाहेर जायचं. मला ही पद्धत फार आवडली. आपल्याकडे मुलगी बघताना पाहुणे तिच्या बापाची घड्याळं आणि पंखे मोजत. इथे बापालाच बाहेर काढतात. पांढरा कोट घातलेल्या परीक्षक बाई चाकाचं टेबल घेऊन पिंजऱ्यापिंजऱ्याशी जात होत्या, आणि दर मांजरानंतर हात जंतुनाशकानं पुसत होत्या. मांजराला कुणी गाणं म्हणायला सांगितलं नाही, चालून दाखव म्हटलं नाही.

मनीच्या वर्गात तीन मांजरं होती. मनीचा तिसरा नंबर आला. डोळे उत्तम, मुखवटा उत्तम, कुशीवर गडद डाग. मुलगी हिरमुसली. नात म्हणाली, "आई, पण तो डाग नाहीये. तिला थंडी वाजली होती तिथे." हिनं पिंजऱ्यात हात घालून मनीच्या त्या चौकोनावरून हात फिरवला आणि म्हणाली, "चला बाईसाहेब, घरी. कांदेपोहे झाले."

एप्रिलअखेर आम्ही पुण्याला परतलो. पावसाळ्यात मुलीचा फोन आला. मनीचे जुने केस झडले, नवे आले, आणि दुलईखालच्या उबेत आलेले ते केस साईच्या रंगाचे निघाले. चौकोन गेला. मुलीनं फोनवर मनी दाखवलीसुद्धा. मुलगी खुशीत होती. ही जरा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "गेला होय? शोभत होता तिला."

फोन ठेवून ती खिडकीशी तांदूळ निवडत बसली. बाहेर पाऊस होता. मी वर्तमानपत्र खाली ठेवून तिच्याकडे बघत राहिलो.

"काय बघताय?"

"काही नाही. १९७५ साली नीट बघायचं राहून गेलं होतं."

"मग आधी चष्मा पुसा," ती म्हणाली. "आणि चहा टाका. गारठलेय मी."

मी चहा टाकायला उठलो. जाताना तिच्या खांद्यावर शाल टाकणार होतो, पण तो स्वेटर आठवला. म्हटलं, आधी विचारलेलं बरं.